घरी टीपीएन: पिक लाईन, हिकमन की पोर्ट, आणि लाईनमध्ये भरून काय ठेवायचं?

आतड्याचा मोठा भाग काढावा लागलेल्या पेशंटला 'टीपीएन, म्हणजे थेट शिरेतून द्यायचं संपूर्ण पोषण, आता घरीच द्या' म्हणून डिस्चार्ज मिळतो, तेव्हा घरच्यांची सगळी चौकशी पिशवीच्या किमतीची असते. ते साहजिक आहे. पण अशा पेशंटला पुन्हा ॲडमिट व्हावं लागतं ते बहुतेकदा लाईनमधून, म्हणजे शिरेत घातलेल्या नळीतून, रक्तात गेलेल्या जंतूंमुळे. म्हणून डिस्चार्जच्या आधी दोन-तीन गोष्टी डॉक्टरांशी बसून ठरवून घ्याव्यात.

पहिली गोष्ट लाईन. हॉस्पिटलमध्ये दंडातल्या शिरेतून आत जाणारी लांब नळी, म्हणजे पिक लाईन, आधीच घातलेली असते, आणि 'आहे तीच राहू द्या' असं सगळ्यांनाच वाटतं. काही महिन्यांचाच प्रश्न असेल तर हरकत नाही. युरोपियन तज्ज्ञांच्या 'एस्पेन' या संस्थेचं मार्गदर्शनही साधारण सहा महिन्यांच्या आतल्या टीपीएनसाठी पिक चालेल असंच सांगतं. त्यापुढे मात्र पिकची अडचण होते. ज्या हातात लाईन, तो हात कामाचा राहत नाही. पेशंट एकटा असेल तर एका हाताने निर्जंतुक जोडणी कशी करणार? शिवाय दंडातल्या शिरेत गुठळी होण्याची भीती असतेच.

हिकमन ही दुसरी लाईन, ती छातीवर बाहेर येते. शिरेपर्यंत पोचण्याआधी ती थोडं अंतर कातडीखालून जाते आणि त्या बोगद्यात तिच्यावर डेक्रॉन या कापडाची एक छोटी पट्टी असते. तीन-चार आठवड्यांत आजूबाजूचं मांस त्या पट्टीत रुजतं, लाईन पक्की बसते आणि कातडीवरच्या जंतूंची आत जायची वाट अडते. दोन्ही हात मोकळे, काम डोळ्यांसमोर. रोज रात्री टीपीएन घ्यायचं असेल तर माझं मत सरळ हिकमनला.

पोर्ट, म्हणजे पुण्यात ज्याला सगळे केमोपोर्ट म्हणतात ती कातडीखाली बसवलेली, नळी जोडलेली छोटी डबी, दिसायला सगळ्यात सुटसुटीत. सुई काढली की बाहेर काही नाही. डॉक्टर हो म्हणाले तर टिळक तलावावर पोहायलाही जाता येईल. पण रोज टीपीएन म्हटलं की पोर्टमध्ये टोचायची खास ह्यूबर सुई आठवडाभर आतच ठेवतात, मग सुटसुटीतपणा उरतो कुठे? आणि पोर्टमध्ये जंतू बसले आणि ते काढायची वेळ आली, तर छोटी का होईना, शस्त्रक्रिया आली. आठवड्यातून दोन-तीनच रात्री टीपीएन असेल, तर पोर्टचा विचार जरूर करा.

लाईन कुठलीही घ्या, सिंगल ल्युमेन, म्हणजे आत एकच मार्ग असलेली, मागा. जास्त तोंडं म्हणजे जंतूंना जास्त दारं. आणि त्याच लाईनमधून 'जरा रक्त काढून घेतो' म्हणणाऱ्याला नम्रपणे दुसरा हात दाखवा.

आता पिशवी संपल्यावर लाईनमध्ये काय भरून ठेवायचं, म्हणजे लॉक. रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची सवय जुनी आहे, पण त्याने जंतू मरत नाहीत. एस्पेन हेपॅरिनपेक्षा साधं सलाईन बरं म्हणते. सलाईन स्वस्त, कुठेही मिळतं, मात्र जंतू तेही मारत नाही. टॉरोलिडीन हे जंतुनाशक लॉकचं औषध जंतू मारतं, बुरशीसुद्धा. वापरात त्याला प्रतिकार तयार झाल्याचं दिसलेलं नाही. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतल्या चाचणीत घरी टीपीएन घेणाऱ्यांमध्ये त्याची सलाईनशी तुलना झाली: नव्या लाईनमध्ये जंतुसंसर्गाचा धोका सलाईनच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी झाला. आधीपासून वापरात असलेल्या लाईनमध्ये फरक तेवढा ठाम दिसला नाही. म्हणून ते सुरू करायचं तर नव्या लाईनच्या पहिल्या दिवसापासून. पैसे कुठे घालायचे असं विचाराल तर इथे. फक्त कोपऱ्यावरच्या केमिस्टच्या भरवशावर राहू नका, महिन्याचा पुरवठा आधी पक्का करा. सत्तर टक्के अल्कोहोलचा लॉकही कोणी सुचवेल. त्याने लाईन तुंबू शकते आणि पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकची असेल तर कमकुवतही होऊ शकते. मी नको म्हणेन.

पण खरा निर्णय पुढेच आहे: जोडणी कोण करणार? नर्सिंग ब्युरोमधून नर्स आली की घरचे सुटकेचा श्वास सोडतात. नर्स अनुभवी असते, प्रश्न तिच्या हाताचा नाही. प्रश्न असा की पंधरा दिवसांनी दुसरी येते, तिची पद्धत निराळी, आणि 'आमच्याकडे असंच करतात' सुरू होतं. हॉस्पिटलमध्ये नीट शिकलेली घरची एक व्यक्ती आणि तिच्या जोडीला शिकलेली दुसरी, हे मला बदलत्या नर्सपेक्षा जास्त भरवशाचं वाटतं.

काम चिकाटीचं आहे, अवघड नाही. पंखा बंद, खिडकी बंद. टेबल पुसून कोरडं. अंगठ्या-बांगड्या काढून साबणाने हात. तीन कप्प्यांची पिशवी वरून गुंडाळत आणली की मधल्या शिवणी सुटतात आणि पांढरं फॅट आणि बाकीचं पारदर्शक द्रव एकत्र होतं. मग त्यात व्हिटॅमिन टाकताना पिशवीचं तोंड पुसायचं विसरतात. लाईनचा हब, म्हणजे जिथे नळी जोडायची ते बाहेरचं तोंड, अल्कोहोलच्या स्वॅबने पंधरा सेकंद घासायचा आणि वाळू द्यायचा. वाळू देणं यातच सगळं आहे, आणि घाईत नेमकं तेच राहतं. पिशवीतलं फॅट जंतूंना आवडतं, म्हणून नळीचा सेट चोवीस तासांत बदलायचा.

पारदर्शक ड्रेसिंग सात दिवस चालतं म्हणतात, पण जुलैत सिंहगड रोडच्या दमट फ्लॅटमध्ये त्याची कड त्याआधीच सुटू शकते. सुटली किंवा ओली झाली की त्याच दिवशी बदला, वार बघत बसू नका. घाम फार येत असेल तर गॉज लावा, ते दर दोन दिवसांनी बदलावं लागतं.

एवढं करूनही पिशवी लावल्यावर थोड्या वेळाने हुडहुडी भरली, ताप 38 अंश सेल्सिअसवर गेला, तर पिशवी थांबवा आणि हॉस्पिटल गाठा. जवळच्या डॉक्टरांकडून 'व्हायरल असेल' म्हणून गोळी घेऊन घरी बसू नका. कॅज्युअल्टीत गेल्या गेल्या सांगायचं: लाईन आहे, टीपीएन सुरू आहे, अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधायची तपासणी) एक लाईनमधून आणि एक हातातून घ्या. रक्त त्या लाईनमधून काढायचं ते फक्त अशा वेळी. हे वाक्य डिस्चार्ज कार्डाच्या मागे लिहून ठेवा, म्हणजे ड्यूटीवर कोणीही असो, दाखवता येतं.