आधी हात पक्का करावा, की पहिल्यापासूनच गात वाजवावे?

अकूस्टिक गिटार विकत घेणाऱ्या बहुतेकांच्या मनात एकच चित्र असते: आपण गातो आहोत आणि साथही आपलीच आहे. शिकायला सुरुवात करताना मात्र त्यांच्यापुढे दोन वाटा येतात. आधी सहा महिने किंवा वर्षभर फक्त वाजवावे, हात पक्का झाला की त्यावर गाणे आपोआप बसते, अशी पहिली वाट. आणि दोन कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) जमताच गायला लागावे, ही दुसरी. मी स्वतः पहिल्या वाटेने शिकले आणि पुढे माझ्या भाचीला दुसऱ्या वाटेने शिकताना जवळून पाहिले. त्यामुळे दोन्हींचे गुणदोष मी अनुभवाने सांगू शकते, आणि पहिल्या वाटेच्या वर्णनात हमखास येणारा ‘आपोआप’ हा शब्द मला मान्य नाही, हेही सुरुवातीलाच नोंदवते.

पहिल्या वाटेचे बळ डाव्या हातात आहे. पोलादी तारांवर बोटांची टोके पहिले काही आठवडे हुळहुळतात, जी, सी, डी अशा साध्या कॉर्ड बदलतानासुद्धा सगळी बोटे एकाच क्षणी उचलून एकाच क्षणी टेकवण्यास वेळ लागतो, आणि एफची बार कॉर्ड, जिच्यात पहिले बोट सर्व तारांवर आडवे दाबून धरावे लागते, ती तर अनेकांना महिनोन्‌महिने दाद देत नाही. गळ्याची काळजी बाजूला ठेवून हे सारे घोटता आले, तर कॉर्ड स्वच्छ वाजतात, कोणती तार बोट लागून दबली आहे ते कानाला कळते आणि नजर फ्रेटवरून, म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांवरून, उचलता येते. गिटारचे बहुतेक वर्गही याच पद्धतीने चालतात, कारण तिथे वाद्य शिकवले जाते, गाणे नव्हे.

या वाटेचा दोष मला १४ महिन्यांनी कळला. तोपर्यंत माझा उजवा हात तासभर न अडखळता चालत असे. पण गायला तोंड उघडले, की दुसऱ्याच ओळीला तो थांबे किंवा शब्दांच्या मागे धावू लागे. कारण नेमके कुठे असते, ते अतिशय प्रचलित अशा एका स्ट्रमिंगवरून, म्हणजे तारांवरून हात खाली-वर फिरवण्याच्या पद्धतीवरून, दाखवता येईल. खाली, खाली-वर, वर-खाली-वर असा तो ठेका आहे. आठ मात्रांचा केहरवा हा ताल धरून मोजले, तर हात पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या मात्रेला खाली जाताना व चौथ्या, सहाव्या आणि आठव्या मात्रेला वर येताना तारांना लागतो. दुसऱ्या आणि पाचव्या मात्रेला तो तारांना न शिवता नुसता हवेतून जातो. पाचवी मात्रा म्हणजे केहरव्याचा काल, टाळी न देता हात नुसता सोडायची जागा. आता आपल्याकडची कितीतरी गाणी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, सुरू होत नाहीत. मुखडा कालापासून उठतो आणि जोराचे अक्षर समेवर येऊन पडते. म्हणजे गळ्यातून पहिले अक्षर निघते त्याच क्षणी हाताला मात्र आवाज करायचा नसतो. ज्याने वर्षभर फक्त वाजवले आहे, त्याचा हात तारांच्या आवाजावर स्वार होऊन चालायला शिकलेला असतो; अक्षर ऐकताच तो पाचव्या मात्रेवर आघात करून बसतो, नाहीतर हाताला सांभाळण्यासाठी गळाच एक मात्रा थांबतो आणि सम चुकते.

यावर मला उपयोगी पडलेला सराव साधा होता. त्याच ठेक्यावर आधी एक ते आठ मात्रा मोठ्याने मोजायच्या, मग गाण्याचे शब्द न गाता नुसते बोलायचे, मग ते एकाच स्वरावर म्हणायचे आणि शेवटी चालीत गायचे. पहिल्या गाण्याला मला साधारण तीन आठवडे लागले, पुढच्या गाण्यांना कमी. हे कौशल्य वाजवण्याचेही नाही आणि गाण्याचेही नाही, ते तिसरेच आहे, आणि आधीच्या १४ महिन्यांत मी त्याचा एक दिवसही सराव केलेला नव्हता.

दुसऱ्या वाटेचे बळ नेमके इथे आहे. माझी भाची लहानपणापासून शास्त्रीय गाणे शिकत होती. तिने ई मायनर आणि डी या दोनच कॉर्ड घेतल्या, आणि सुरुवातीला तालाच्या प्रत्येक आवर्तनात फक्त समेवर एकदा हात खाली नेत ती गायला लागली. दुसऱ्या आठवड्यात तिचे एक पूर्ण गाणे उभे राहिले. साथ अगदी तुटपुंजी होती, पण हात आणि गळा यांचे नाते पहिल्यापासून समेवर जुळलेले होते, त्यामुळे पुढे मधले आघात भरताना तिला माझ्यासारखी झुंज द्यावी लागली नाही. शिवाय गाणे लवकर हाती लागल्याने सराव टिकतो, आणि मी याला फार महत्त्व देते. खुंटीला टांगून राहिलेल्या गिटारींपैकी कित्येकींवर कधी एकही अख्खे गाणे वाजलेले नसते.

पण दोष या वाटेलाही आहेत, आणि ते लपून राहतात. गळ्याच्या आवाजाखाली खरखरणारी तार ऐकू येत नाही. कॉर्ड बदलायला उशीर झाला, की गाणारा नकळत शेवटचा स्वर लांबवतो. त्याला ते भावपूर्ण वाटते, समोर टाळी धरून बसलेल्याला मात्र लय सुटल्याचे कळते. भाचीचे तीन महिने असेच गेले. मग रोज १५ मिनिटे तोंड बंद ठेवून, मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारे यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून नुसत्या कॉर्ड बदलण्याचा नियम तिने स्वतःला घालून घेतला, तेव्हा हात सुधारला.

पट्टीच्या, म्हणजे गाण्याचा षड्ज (सा) कुठे धरायचा याच्या, बाबतीत दोन्ही वाटांत मोठा फरक पडतो. आधी गिटार शिकलेला माणूस हाताला सोपी असलेली पट्टी धरतो, म्हणजे बहुधा जी किंवा सी, आणि गळा तिच्यात कोंबतो. वरचा षड्ज ओढून लावावा लागला, तर दोष स्वतःच्या आवाजाला देतो. आधीपासून गाणारा आपली पट्टी घेऊनच येतो आणि गिटारने तिथे यावे अशी अपेक्षा करतो, आणि तेच योग्य आहे. कॅपोमुळे, म्हणजे एखाद्या फ्रेटवर सर्व तारा एकत्र दाबून धरणाऱ्या चिमट्यामुळे, ते सहज शक्य होते. काळी एक (पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी) हवी असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सीच्या घरातल्या, म्हणजे सी पट्टीत वापरतात त्या, कॉर्ड धराव्यात, काळी दोनसाठी तिसऱ्या फ्रेटवर त्याच. काळी चारसाठी पहिल्या फ्रेटवर जीच्या घरातल्या, आणि काळी पाचसाठी तिसऱ्या फ्रेटवर पुन्हा जीच्याच. बोटे ओळखीच्या जागीच राहतात आणि पट्टी आपली मिळते. वाट कोणतीही घ्या, कॅपो गिटारसोबतच विकत घ्यावा.

तानपुऱ्यावर गळा तयार झालेल्यांना एक वेगळी अडचण येते, तिचा उल्लेख करायला हवा. गिटारचे फ्रेट समान अंतराच्या स्वरसप्तकासाठी बसवलेले असतात, त्यामुळे त्यावरचा शुद्ध गंधार (ग) तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या हिश्शाइतका चढा असतो. तयार कानाला हे खटकते. अशांनी गंधारावर लांब ठेहराव असेल तिथे पूर्ण कॉर्ड न वाजवता षड्ज-पंचमाच्या तारा तेवढ्या छेडाव्यात.

बैठकीचाही विचार करावा. डाव्या हाताकडे पाहण्यासाठी मान वाकली, की गळा आवळतो, आणि गिटारवर ओणवे होऊन बसले, की श्वास पोटापर्यंत पोहोचत नाही. दुसऱ्या वाटेने जाणाऱ्यांना हा त्रास अधिक होतो, कारण नजर फ्रेटवर असण्याच्या काळातच ते गात असतात. पट्टा लावून उभे राहून गायल्यास तो बराच कमी होतो.

तेव्हा निवड कशी करावी? ज्यांचा गळा आधीच तालात चालतो, मग ते वर्गात शिकलेले असोत किंवा भजनात टाळ धरून गायलेले असोत, त्यांनी निःशंकपणे दुसरी वाट धरावी आणि मुक्या सरावाची १५ मिनिटे चुकवू नयेत. ज्यांना गाणे आणि गिटार दोन्ही नवीन आहेत, त्यांनी पहिल्या वाटेने जावे, पण वर्षभर नव्हे. सहा ते आठ आठवडे पुरेत, आणि त्या काळातही ठेक्यावर मात्रा मोठ्याने मोजत राहावे. चार ठोक्यांना एक कॉर्ड बदलत असताना घरातल्या कोणाच्या प्रश्नाला हात न थांबवता उत्तर देता आले, की गायला सुरुवात करावी. आणि जे वर्षानुवर्षे उत्तम गिटार वाजवतात पण गाताना अडतात, त्यांनी आपली सर्व सजावट काही काळ बाजूला ठेवून भाचीप्रमाणे समेवरच्या एका आघातापासून आरंभ करावा. पहिले गाणे समेपासून उठणारे निवडावे, आणि कालापासून उठणारे त्यानंतर घ्यावे.