सोलर कंपनीत नोकरी करावी का? कुडाळ साइडला अडीच वर्षं काढलेल्याचा रिव्ह्यू

5 पैकी 3 स्टार. कामाला 4, पगाराला 2, सेल्स टीमला किती द्यायचे ते वाचून तुम्हीच ठरवा.

कंपनीचं नाव टाकत नाही. एक तर एक्सपिरियन्स लेटर अजून हातात यायचंय, आणि इकडे सोलरवाले सगळे एकमेकांना ओळखतात, आज लिहिलं की उद्या सावंतवाडीपर्यंत पोचतं. मी आयटीआय वायरमन. 2022 च्या दिवाळीनंतर लागलो, 2025 च्या मे मध्ये सोडलं. व्हिजिटिंग कार्डावर 'साइट इंजिनियर' छापलेलं, प्रत्यक्षात टेक्निशियन, टेम्पोचा ड्रायव्हर, फाइली करणारा आणि ग्राहकाची बोलणी खाणारा, सगळं मीच.

आधी चांगलं सांगतो, कारण काम खरंच आवडलं. सकाळी सातला छपरावर चढायचं, अकराच्या आत पॅनल बसवून मोकळं व्हायचं, नंतर काचेला हात लावता येत नाही इतकी तापते. 540 वॉटचं एक पॅनल 27-28 किलो भरतं, दोघं मिळून शिडीवरून वर घ्यायचं, आणि मालवण-वेंगुर्ला साइडला वारा सुटला असेल तर होडीच्या शिडासारखं ओढतं, तेव्हा दोघांपैकी एकाने जरी गंमत म्हणून हात सोडला तर संपलं. सहा पॅनल सिरीजमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ एक जोडली की त्या माळेचे (स्ट्रिंगचे) 300 व्होल्टच्या आसपास येतात, ते पहिल्यांदा मीटरवर बघितले तेव्हा मी फोटो काढून घरी पाठवलेला. आमचे सीनियर मिस्त्री होते, त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं की चालू लोडवर एमसीफोर कनेक्टर, म्हणजे पॅनलच्या वायरी जोडायचा प्लग, ओढायचा नाही, डीसीचा जाळ एसीसारखा आपोआप तुटत नाही. ह्या माणसाकडून जे शिकलो ते आयटीआयच्या दोन वर्षांत शिकलो नव्हतो. त्यांना मात्र कंपनी 'हेल्पर' ग्रेडमध्ये पगार देत होती, कारण दहावी नाही. असो.

कोकणातलं सोलर म्हणजे घाटावरचं सोलर नव्हे, हे मुलाखतीत कोणी सांगत नाही. घाटावर सपाट स्लॅब, स्ट्रक्चर ठोका, निघा. इकडे स्लॅब असला तरी पावसासाठी त्याच्यावर पत्र्याची शेड मारलेली असते, नाहीतर मग कौलारू. कौलं काढा, वासे बघा, वाळवीने खाल्लेले असतील तर मालकाला समजवा, क्लॅम्प मारा, कौलं परत लावा, आणि पहिल्या पावसात कुठेही गळलं तरी 'सोलरवाल्यांनी केलं'. पश्चिमेला माड असतोच. सर्व्हेला येणारा पोरगा दुपारी बाराला येऊन फोटो काढून जातो, सावली नाही म्हणून लिहितो, आणि चार वाजता माडाची सावली बरोब्बर दोन पॅनलवर. माड तोडायला कोण तयार होतो सांगा! वर नारळ पडायची भीती वेगळीच. वानरांचं तर बोलायलाच नको.

आणि अर्थिंग. ह्यावर मी तासभर बोलू शकतो. एसीचं एक, डीसीचं एक, लायटनिंग अरेस्टरचं, म्हणजे पडणारी वीज जमिनीत नेणाऱ्या दांड्याचं एक, असे तीन खड्डे लागतात, आणि खाली जांभा. पहारीने दिवसभर ठोकून दोन फूट जातं, मग बोअर मशीन मागवावं लागतं, त्याचे पैसे कोटेशनमध्ये धरलेले नसतात. सड्यावरच्या, म्हणजे खडकाळ माळावरच्या घरांत मार्चमध्ये अर्थ टेस्टर लावा, रीडिंग बघून घाम फुटेल, तेच जुलैत लावा, जमीन भिजलेली, 5 ओहमच्या आत छान येतं. रिपोर्टला कोणतं रीडिंग जोडलं जातं हे सांगायला नको. मी एकदा ऑफिसात म्हटलं की उन्हाळ्याचं रीडिंग घेऊन अजून एक इलेक्ट्रोड टाकूया, तर शेठ म्हणाले, ग्राहक मागतोय का? नाही ना? मग? वळवाच्या विजा मे महिन्यात पडतात, जमीन कोरडी असताना, एवढंच मी म्हणत होतो.

2024 पर्यंत काम निवांत होतं. तेव्हा सबसिडी किलोवॅटला 14,588 रुपये, लोक विचारून निघून जायचे. फेब्रुवारी 2024 ला केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली आणि सगळं बदललं. पहिल्या दोन किलोवॅटला 30-30 हजार, तिसऱ्याला 18 हजार, म्हणजे 3 किलोवॅटला 78 हजार. पावणेदोन-दोन लाखांच्या कामात 78 परत म्हटल्यावर फोन थांबेनात. कंपनीने सेल्सला सहा पोरं भरली, टेक्निकलला एक. इथून माझी तक्रार सुरू होते.

सेल्सवाला सांगणार 'बिल शून्य'. शून्य येत नाही हो, युनिट शून्य झाले तरी स्थिर आकार भरावाच लागतो. सेल्सवाला रेट सांगणार नॉन-डीसीआर, म्हणजे बाहेरून आलेल्या सेलच्या पॅनलचा, सबसिडीला लागतं भारतात बनलेल्या सेलचं डीसीआर पॅनल, ते महाग, मग फरकाचे पैसे मागायला पाठवणार कोणाला? मला. सेल्सवाला दिवसाला किलोवॅटमागे 4 युनिटचा हिशोब मांडून बाराने-तीसने गुणून मोकळा, जुलै-ऑगस्टात आभाळ आठ-आठ दिवस उघडत नाही हे त्याच्या हिशोबातच नाही. तो कमिशन घेऊन पुढच्या गावाला, नंबर माझा दिलेला.

परुळ्याजवळची एक आजी कायम लक्षात राहील. मुलगा मुंबईला, त्याने फोनवरूनच ऑर्डर दिलेली. जूनच्या पहिल्या वादळात संध्याकाळी गावची लाईट गेली आणि आजीचा फोन, की सोलर बंद पडलं. मी समजावलं की हे ऑनग्रिड आहे, महावितरणची लाईट गेली की इन्व्हर्टरही बंद होतो, नाहीतर आपली वीज उलटी लाईनीत जाऊन खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसेल, आणि आत्ता तर रात्रच आहे. आजी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "मगे ह्येचो उपेग काय रे झिला?" मला उत्तर देता आलं नाही. 2021 च्या तौक्तेत तिने कित्येक दिवस अंधारात काढलेले, तिने सोलर घेतलं ते त्यासाठी, बिलासाठी नव्हेच. बॅटरीवाली हायब्रिड सिस्टीम लागते हे तिला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं, आणि ते कोणीतरी माझ्या कंपनीचं होतं. दुसऱ्या दिवशी गेलो तर शिव्या द्यायच्या सोडून तिने घावणे आणि चहा दिला. त्याने जास्त वाईट वाटलं.

बंद घरांची वेगळी मजा. चाकरमानी डोंबिवलीत बसून ॲपवर जनरेशन बघणार. घर बंद, राउटर बंद, तर इन्व्हर्टरचं वायफाय कुठून चालेल? ॲपवर शून्य दिसलं की फोन, "अहो चोरीला गेलं का?" मग मी तीस किलोमीटर जाऊन भिंतीबाहेरच्या इन्व्हर्टरच्या डिस्प्लेचा फोटो पाठवायचा. पेट्रोल माझं. आणि गणपतीच्या आधी पंधरा दिवस सगळ्यांना एकदम हवं असतं, धो धो पावसात, शेवाळलेल्या छपरावर, का तर पाहुण्यांना दाखवायचंय.

फाइली हा अजून एक प्रकार. लाईट बिल आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, घराला सात वाटेकरी, त्यातला एक बडोद्याला आणि एक बोलत नाही. नाव बदलल्याशिवाय पोर्टलवर अर्ज पुढे सरकत नाही, आधारवरचं नाव नि बिलावरचं नाव जुळायला हवं. मी दोन घरांतल्या सख्ख्या भावांची समेट घडवून आणलीय, हे कुठल्या जॉब डिस्क्रिप्शनमध्ये नव्हतं.

सेफ्टी. हार्नेस होता, गाडीत. ग्राहकाच्या दारात फोटो काढताना घालायचा. लाइफलाइनचा दोर कधी आलाच नाही, मग हार्नेस अडकवणार कशाला? मागच्या वर्षी आमच्या एका पोराचा पाय सिमेंटच्या पत्र्यातून आरपार गेला, मांडीपर्यंत, खाली पर्लिनवर, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पट्टीवर अडकला म्हणून वाचला. टाके पडले. शेठनी बिल भरलं, खोटं का बोला, पण सुट्टीचे दिवस कापले. त्यानंतर मी फळी टाकल्याशिवाय पत्र्यावर पाय ठेवला नाही, त्यावरून 'स्लो आहे' असा शेरा मिळाला.

पगार 16 हजारांवर लागलो, सोडताना 19. कागदावर दर महिन्याच्या सातला, प्रत्यक्षात ग्राहकाचं पेमेंट अडकलं की आमचाही अडकला. पावसाळ्यात नवीन काम कमी म्हणून जुलैत अर्धा पगार आणि 'ॲडजस्ट करा'. पीएफ सहा महिने मागून सुरू झाला. कंपनीचं सिम शेवटपर्यंत दिलं नाही.

नवीन पोरांनी जावं का? जावं, वर्षभर तरी, मिस्त्री चांगला मिळाला तर हात बसतो आणि हे काम कुठेही चालतं. फक्त मुलाखतीत पेट्रोलचं आणि पावसाळ्यातल्या पगाराचं लेखी मागा, आणि स्टोअरमध्ये नट-बोल्ट कुठले आहेत ते बघून या. समुद्राजवळच्या घरांना स्टेनलेस स्टीलचे लावत असतील तर कंपनी टिकाऊ. आम्ही साधे जीआय, म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी लावलेले, दुसऱ्या पावसाळ्याला गंज धरून पाना फिरत नव्हता, आणि वॉरंटी पॅनलवर 25 वर्षांची.

एसीडीबीच्या, म्हणजे इन्व्हर्टरजवळच्या एसी वायरिंगच्या बॉक्सच्या झाकणावर आतून मार्करने टेक्निशियनचा नंबर लिहायची आमच्यात पद्धत होती. सत्तर-ऐंशी घरांत तरी माझा आहे. परवा परुळ्याहून फोन आला, लाईट आहे पण इन्व्हर्टरवर लाल दिवा लागलाय. मी म्हटलं आजी, मी ती कंपनी सोडली. ती म्हणाली, बरां केलंस, कधी येतंस?

रविवारी जाऊन आलो. ग्रिड ओव्हरव्होल्टेज होतं, लाईनीचाच प्रॉब्लेम.