किलिमांजारोचं ‘मारंगू ५ दिवस’ पॅकेज: स्वस्त का, आणि महाग कुठे पडतं

टांझानियातल्या किलिमांजारोची चौकशी कुठल्याही टूरवाल्याकडे केली, तर दरपत्रकातल्या सगळ्यात कमी आकड्यासमोर बहुतेक वेळा एकच ओळ असते: मारंगू मार्ग, ५ दिवस, ४ रात्री. तंबू नाही, लाकडी झोपडीत गादीवर झोप. रजा कमी लागते, पैसे कमी लागतात. जळगाव-धुळ्याकडच्या हिशोबी माणसाला पहिल्याच नजरेत पटावा असा सौदा. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, या पॅकेजचं आहे. कारण कंपनी कोणतीही असो, वाट, मुक्काम आणि राष्ट्रीय उद्यानाची फी तीच राहते. आमचं मत आधीच सांगतो. वाट चांगली आहे, पण पाच दिवसांत ती चढायला घेऊ नका.

आराखडा असा. मारंगू गेट साधारण १८६० मीटरवर. पहिली रात्र मंदारा, २७२० मीटर. दुसरी होरोंबो, ३७२०. तिसऱ्या दिवशी दुपारी किबो, ४७२०. तिथे पोचल्यावर जेवण, चार-पाच तासांची कशीबशी झोप, आणि मध्यरात्रीच्या आसपास शिखराकडे कूच. गिलमन्स पॉइंटपर्यंत पाच-सहा तास, तिथून विवराच्या कडेने उहुरू शिखर (५८९५ मीटर) अजून दीड-दोन तास. मग त्याच दिवशी उतरून पुन्हा होरोंबो. म्हणजे ११७५ मीटर चढ आणि २१७५ मीटर उतार एकाच दमात, बारा ते पंधरा तासांची मजल. पाचव्या दिवशी गेट.

आता मुक्कामाचे आकडे पुन्हा वाचा: २७२०, ३७२०, ४७२०. रोज बरोबर हजार मीटर. उंचीच्या आजाराबाबत वैद्यकीय सल्ला असा की ३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस ठेवावा. या पॅकेजमध्ये वेग त्याच्या दुप्पट आणि विश्रांती शून्य. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. शरीर त्याला जुळवून घेतं, पण त्याला रात्री लागतात, आणि इथे नेमक्या रात्रीच कापलेल्या आहेत. माणूस दमून परत फिरतो असं लोक म्हणतात. बऱ्याचदा तो दमलेला नसतो; डोकं फुटायला आलेलं असतं, पोटात काही टिकत नसतं.

खान्देशातल्या माणसाला इथे एक वेगळी अडचण आहे. जळगाव दोन-सव्वादोनशे मीटरवर. अक्राणीतला अस्तंबा, जिथे दिवाळीला अश्वत्थाम्याच्या यात्रेला लोक रात्रभर चढतात, तो सुमारे १३२५ मीटर. तोरणमाळ त्याहून खाली. राज्यात सगळ्यात उंच कळसूबाई, १६४६. म्हणजे अख्खा महाराष्ट्र मारंगूच्या गेटखालीच राहतो. सातपुड्यात कितीही घाम गाळला तरी उंचीची सवय होत नाही. तयार होतात ते पाय आणि दम. पाय तयार असलेला माणूस वर जोरात चालतो आणि आधी आजारी पडतो, हा धोका वेगळाच. गाइड दिवसभर ‘पोले पोले’ म्हणतात, म्हणजे हळू हळू. ते ऐकायचं.

पैशाकडे येऊ. परदेशी प्रौढ व्यक्तीसाठी उद्यानाचे चालू दर असे: संवर्धन शुल्क दिवसाला ७० डॉलर, झोपडी रात्रीला ६०, बचाव शुल्क एकदाच २०, आणि या सगळ्यावर १८ टक्के व्हॅट. पाच दिवसांचे ३५० अधिक २४० अधिक २०, म्हणजे ६१०. व्हॅटसह सुमारे ७२० डॉलर. यातला एक पैसाही कंपनीकडे राहत नाही. आता कुणी ११०० डॉलरचा भाव सांगितला, तर ३८० डॉलरमध्ये गाइड, आचारी, तीन-एक पोर्टर, जेवण, विमानतळावरून ने-आण आणि पायथ्याच्या मोशी शहरातलं हॉटेल बसवायचं आहे. नाही बसत. मग पोर्टरची मजुरी कापली जाते, नाहीतर जेवणातली भाजी. बुकिंगआधी स्वतः हीच वजाबाकी करून बघा. दर बदलतात, म्हणून त्या वर्षीचं दरपत्रक बघून.

सहावा दिवस घेतला तर सरकारी खर्च किती वाढतो? ७० अधिक ६०, त्यावर व्हॅट: १५३ डॉलर. वर माणसांची एका दिवसाची मजुरी आणि शिधा. तो दिवस होरोंबोवर घालवतात. सकाळी झेब्रा रॉक्सपर्यंत, साधारण ४००० मीटर, चढून यायचं आणि पुन्हा ३७२० ला झोपायचं. वर चढा, खाली झोपा, एवढंच त्यातलं शास्त्र. विमानाचं तिकीट, व्हिसा, कपडे, विमा मिळून लाखांवर गेलेला खर्च या एका रात्रीसाठी पणाला लावण्यात काय हशील? सहा दिवसांचं मारंगू घ्यायला हरकत नाही. हात सैल असेल तर लेमोशो मार्ग, ८ दिवस: सरकारी शुल्कच साधारण ११०० डॉलर पडतं, झोप तंबूत, पण तिथे लाव्हा टॉवरला साधारण ४६०० मीटरपर्यंत नेऊन रात्री बरांकोला चार हजारांच्या आत खाली आणतात आणि पुढच्या रात्रीही उंची जवळपास तीच राहते. उंची अशी हप्त्याहप्त्याने शरीराला देता येते. मारंगूची वाट ही सोय देत नाही, कारण जाण्या-येण्याची वाट एकच.

मारंगूच्या बाजूनेही बोललं पाहिजे. पावसात झोपडीला तोड नाही. मंदारा आणि होरोंबोच्या त्रिकोणी झोपड्यांत गाद्या असतात, म्हणून चटई न्यावी लागत नाही. किबोला दगडी इमारतीत मोठ्या खोल्या. खोलीत अनोळखी माणसं असणार आणि कुणीतरी घोरणार, कानात घालायचे बोळे न्या. किबोला पाण्याचा झरा नाही, खालून वाहून आणतात. त्यामुळे वाटेतल्या शेवटच्या पाणवठ्यावर बाटल्या भरून घ्या. चार्जिंगच्या भरवशावर राहू नका.

मोसमाचा घोळ खान्देशात हमखास होतो, कारण रजा मिळतात मे महिन्यात आणि दिवाळीत. मार्च ते मे तिथला मोठा पावसाळा, नोव्हेंबरला छोटा. चांगले महिने म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी आणि जूनअखेर ते ऑक्टोबरचे सुरुवातीचे आठवडे. कपाशीवाल्यांनी वेचणी आटोपून फेब्रुवारी धरावा. मे महिन्यातच जायचं ठरलं असेल, तर मारंगूच घ्या.

कंपनीला लेखी विचारायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण उत्तर गोलमोल आलं तर पुढे जाऊ नका. किती जणांमागे एक गाइड? शिखराच्या रात्री दोघा-तिघांमागे एक हवा, कारण एक जण आजारी पडला की त्याला घेऊन एक गाइड खाली जातो आणि बाकीच्यांसोबत कुणीतरी उरावं लागतं. ऑक्सिजनची नळकांडी सोबत असते का? नाडी आणि ऑक्सिजन रोज सकाळ-संध्याकाळ मोजतात का? पोर्टरच्या पाठीवर किती वजन? उद्यानाची मर्यादा २० किलो आहे. प्रवाशाच्या पिशवीला १५ किलोची हद्द. आणि ‘९५ टक्के यश’ असं लिहिलं असेल तर विचारा, कुठपर्यंतचं? गिलमन्स पॉइंटलाही उद्यानाचं प्रमाणपत्र मिळतं, उहुरूचं वेगळं असतं. दोन्ही एकात मोजले की टक्का फुगतो.

बचाव शुल्काचे २० डॉलर भरले म्हणून हेलिकॉप्टर येतं, हा गैरसमज सोडा. त्यात स्ट्रेचरवरून खाली आणणं येतं. साधा प्रवास विमा ठरावीक उंचीच्या वरचं ट्रेकिंग वगळतो. पॉलिसीत ६००० मीटरपर्यंतचं ट्रेकिंग आणि हेलिकॉप्टरने सुटका, हे दोन्ही शब्द दिसले पाहिजेत. एजंटच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका, भो.

पिवळ्या तापाच्या लसीचं गणित विमानाच्या मार्गावर आहे. मुंबईहून अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे गेलात तर इथिओपिया आणि केनिया पिवळ्या तापाच्या यादीत येतात. लस अधिकृत केंद्रावरच मिळते, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. केंद्रावर ठरावीक वारी आणि आधी नाव नोंदवून सोय असते. ऐनवेळी रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठली आणि त्या दिवशी लसच नाही, असं होऊ शकतं. व्हिसा ऑनलाइन, ५० डॉलर.

डायमॉक्स, म्हणजे ॲसिटाझोलामाइड, ही उंचीच्या आजारावरची गोळी डॉक्टरांना विचारूनच. प्रतिबंधासाठी साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं. त्यामुळे आधी घरी दोन दिवस घेऊन बघितलेलं बरं. गोळी घेतली म्हणून पाच दिवसांत धावायची परवानगी मिळत नाही. तोल जायला लागला, बोलणं अडखळलं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर उपाय एकच: लगेच खाली.

तयारीला किमान तीन महिने. आठवड्यातून तीन दिवस पाठीवर ६ ते ८ किलो घेऊन जिने; पाण्याच्या बाटल्या भरून न्या, म्हणजे उतरताना ओतून टाकून गुडघे वाचवता येतात. शेवटच्या महिन्यात मात्र वजनासकट उतरायची सवय करा, कारण २१७५ मीटर उतारात मांड्या बोलायला लागतात. धुळेकरांना लळिंगचा किल्ला जवळ, तिथे एका सकाळी दोन-तीन फेऱ्या होतात. जळगाव-भुसावळकरांनी पाटणादेवीच्या डोंगरात किंवा सातपुड्यात सलग दोन दिवस सहा-सहा तास चालावं. एप्रिल-मेमध्ये पहाटे साडेचारला सुरुवात करून आठच्या आत घरी. त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत चालून थंडीची तयारी होत नाही, नुसती उष्माघाताची होते. उंचीवर आपलं शरीर कसं वागतं हे बघायचं असेल तर आधी हिमालयात केदारकंठासारखा ३८०० मीटरचा ट्रेक करून या. ती सवय दोन-तीन आठवड्यांत उतरते, पण ओळख राहते.

सामानात पैसे बुटांवर घालवा, बाकीचं मोशीत भाड्याने मिळतं. बूट अर्धा नंबर मोठे, घरी निदान शंभर किलोमीटर चाललेले, आणि विमानात पायातच. बॅग मागे राहिली तर जाकीट भाड्याने मिळेल, रुळलेले बूट मिळणार नाहीत. झोपण्याच्या पिशवीवर तीन तापमानं छापलेली असतात. दुकानदार सगळ्यात खालचं दाखवतो, आपण ‘कम्फर्ट’चं बघायचं, उणे १० किंवा त्याखाली. शिखरावर पहाटे उणे १५ सहज असतं, वारा वेगळा. सुती बनियन घरी ठेवा: घामाने भिजतं, वाळत नाही, छातीवर बर्फासारखं बसतं. पातळ हातमोज्यांवर जाड, बोटं एकत्र राहणारे मोजे घाला. पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीची नळी शिखराच्या रात्री गोठतेच; रुंद तोंडाच्या बाटल्या घ्या आणि उलट्या ठेवा, म्हणजे वर धरणारा बर्फ बुडाशी राहतो आणि झाकण उघडतं. हेडलॅम्पचे जादा सेल आतल्या खिशात, अंगाच्या उबेला.

आपल्याकडे प्रत्येक वस्तू कॅरीबॅगमध्ये गुंडाळायची सवय. टांझानियात १ जून २०१९ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे आणि डोंगरावर एकदा वापरायच्या पाण्याच्या बाटल्याही चालत नाहीत. कापडी पिशव्या शिवून न्या.

जेवण शाकाहारी मिळतं, पण बुकिंग करतानाच लेखी कळवा. लसूण-कांदा चालत नसेल तर तेही. रोज सूप, भात, चपाती, भाजी, संध्याकाळी पॉपकॉर्न. होरोंबोच्या वर भूक मरते आणि गोडही नकोसं होतं, तेव्हा आपली शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याची वडी, भाजलेल्या बिबड्या उपयोगी. केळीचे वेफर्स न्यायचे तर पुडा डब्यात रिकामा करा. सीलबंद पुडा वर फुग्यासारखा फुगतो. केळी मात्र इथून न्यायची गरज नाही. मारंगूच्या पायथ्याचे चागा लोक रावेर-यावलसारखेच केळीत राहतात, फक्त त्यांच्या बागेत सावलीला कॉफी असते.

टिप पॅकेजमध्ये धरलेली नसते. पोर्टरला दिवसाला ८ ते १० डॉलर, गाइडला साधारण २०. सगळे मिळून माणशी २०० ते ३०० डॉलर वेगळे काढून ठेवा. मोशीतच डॉलरचे शिलिंग, म्हणजे तिथलं चलन, करून घ्या, म्हणजे पोर्टरला नोट बदलण्यासाठी हिंडावं लागत नाही. डॉलर नेताना २०१३ पासूनच्या, निळ्या पट्टीच्या शंभराच्या नोटा घ्या. जुनी किंवा जरा फाटलेली नोट कुणी हातात धरत नाही. टिप मुख्य गाइडच्या हातात एकगठ्ठा देऊ नका, सगळ्यांसमोर नाव घेऊन ज्याची त्याला द्या.