एका बाथच्या पावडरीत 2,13,640 रुपये गेले

इचलकरंजीत आमचं कापडाचं छोटं प्रोसेसिंग आहे, तीन जिगर, म्हणजे रसायनाच्या पाण्यातून कापड मागेपुढे फिरवणारी यंत्रं. ग्रे, म्हणजे मागावरून आलेल्या कोऱ्या कापडाची खळ काढणं, कॉस्टिकची उकळी, मग पेरॉक्साइडचं ब्लीच. दर वेळी नवं पाणी, नवी वाफ, नवं सांडपाणी. त्यामुळे "तिन्ही कामं एकाच बाथमध्ये", म्हणजे रसायनाच्या एकाच पाण्यात, म्हणणारा पावडर विकणारा माणूस दारात आला तेव्हा मी ऐकून घेतलं. यात लोभ नव्हता. कॉस्टिक, पेरॉक्साइड, ते सावकाश सोडणारा स्टॅबिलायझर, कापड भिजवणारा वेटिंग एजंट एकत्र घालून 95 अंशांवर हे काम होतं, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे.

त्यानं आपल्या डब्यातली पावडर गरम पाण्यात टाकली. भसाभसा फेस आला आणि आमचाच ग्रेचा तुकडा तासाभरात पांढरा झाला. 118 रुपये किलोनं 25 किलोची 40 पोती घेतली. जीएसटी धरून 1,39,240 रुपये, सगळे आगाऊ. आगाऊ कधीच देऊ नका.

पहिलं पोतं फोडलं तेव्हा जिगरवाला म्हणाला, "मालक, ह्याला बुडबुडंच येईनात." बाथ खरंच निपचित होता. मी तिथंच जिगर थांबवायला हवा होता! त्याऐवजी मी फोन लावला. "स्टॅबिलायझर वाढवलाय, म्हणून शांत चालतो," असं उत्तर आलं. स्टॅबिलायझरनं पेरॉक्साइड सावकाश सुटतं हे खरंच आहे, म्हणून पटलं. वीस वर्षं जिगरवर उभ्या असलेल्या माणसाचं न ऐकता मी विकणाऱ्याचं ऐकलं, हे अजून जिवाला लागतं.

6,200 मीटर कापड ट्यूबलाइटखाली पांढरं दिसलं. ती चमक व्हाइटनरची, म्हणजे वरवर पांढरं दाखवणाऱ्या रसायनाची होती. रंगाईत चट्टे पडले. आयोडीनचा थेंब टाकला तर काळानिळा, म्हणजे खळ जागेवरच. पाण्याचा थेंब कापडावर मोत्यासारखा उभा, म्हणजे कापड पाणी शोषतच नव्हतं. कापडाच्या पार्टीनं मीटरला 12 रुपये कापले, 74,400. पावडर तपासून घेतली: धुण्याचा सोडा, मीठ, व्हाइटनर. पोतं आलं की चिमूटभर पावडर पातळ ॲसिडमध्ये विरघळवा आणि पोटॅशियम परमँगनेटचा थेंब टाका. जांभळा रंग उडाला नाही तर पेरॉक्साइड नाही. दोन मिनिटांचं काम, मी केलं नाही.

पोलीस म्हणाले, "दिवाणी बाब आहे, कोर्टात जा." फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे, हे मी त्यांना सांगायचं? तीनदा अर्ज दिला, तिन्ही वेळा साहेब बंदोबस्तावर. ग्राहक आयोगात धंद्यासाठी विकत घेतलेल्या मालाची तक्रार चालत नाही. बिलावरचा जीएसटी नंबर रद्द झालेला निघाला. पोर्टलवर तो आधीच दिसला असता, तुम्ही बघा. माझं 21,240 चं क्रेडिटही, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावटही बुडाली, आणि जीएसटी कार्यालयात मलाच विचारलं, "तुम्ही खात्री का केली नाही?" चोर मोकळा आणि खुलासे मी द्यायचे!

38 पोती गोदामात पडून आहेत. तो आता भिवंडीकडे फिरतोय असं कळलं. डेमो देऊ लागला तर त्याच्या डब्यातली पावडर नको म्हणा, पोतं तुमच्यासमोर फोडायला लावा.