डिजिटल प्रेसवाल्यांनो, इमेजिंग ऑइलचा कॅन उघडण्याआधी हे वाचा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात ज्यांच्याकडे लिक्विड इंकची डिजिटल मशीन आहे, किंवा ज्यांनी सेकंडहँड घ्यायचं मनात आणलंय, त्यांच्यासाठी लिहितोय. नाव कुणाचं घेणार नाही, तक्रार दिलेली आहे. पण आम्हाला भेसळीचं इमेजिंग ऑइल विकून गेलेला माणूस अजून याच भागात बॅग घेऊन फिरतोय असं ऐकतो, म्हणून गप्प बसवत नाही.

आमची बेळगावच्या शहापुरात छोटी प्रेस. वडिलांच्या वेळी ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईयंत्र होतं. एका पेटीत मराठी अक्षरांचे खिळे, दुसरीत कन्नड, आणि लग्नसराईत दोन्ही रिकाम्या व्हायच्या. मी आणि धाकट्या भावाने सोसायटीचं कर्ज काढून सेकंडहँड मशीन घेतली ती लग्नाच्या अल्बमसाठी. गोकाकपासून चंदगडपर्यंतचे फोटोग्राफर फाइली पाठवतात, आम्ही छापून, बाइंडिंग करून देतो.

ज्यांना ही मशीन ठाऊक नाही त्यांना थोडं सांगतो, नाहीतर फसवणूक कळणार नाही. लेझर प्रिंटरमध्ये टोनरची कोरडी पूड असते. आमच्या मशीनमध्ये रंगाचे कण त्याहून कितीतरी बारीक, एक-दोन मायक्रॉनचे. इतकी बारीक पूड कोरडी ठेवली तर हवेत उडेल, छातीत जाईल. म्हणून ती तेलात ठेवतात. शाई येते टूथपेस्टसारखी घट्ट. मशीनच्या टाकीत ती इमेजिंग ऑइलमध्ये पातळ होते. त्यात इमेजिंग एजंटचे थेंब पडतात, त्याने कणांवर विजेचा भार बसतो, आणि ड्रमवर जिथे चित्र आहे तिथेच कण ओढले जातात. तेलाचं काम दोनच गोष्टींचं: वीज वाहू द्यायची नाही आणि वेळ आली की मुकाट्याने उडून जायचं. १९९३ साली बेनी लांडा यांच्या कंपनीने ई-प्रिंट १००० आणलं, त्यातली गोम हीच होती. चित्र आधी गरम ब्लँकेटवर, म्हणजे ड्रम आणि कागद यांच्यामधल्या रबरी पट्ट्यावर येतं, तिथे तेल उडतं, कण वितळून एकमेकांत मिसळतात, त्यांचा पातळ पापुद्रा होतो आणि तो अख्खाच्या अख्खा कागदावर उतरतो. तेल नीट उडालं नाही तर पापुद्रा कच्चा.

आता तो माणूस. वैशाखात आला, ऐन गर्दीत. पूर्वी सर्व्हिस इंजिनिअर होतो म्हणाला, आणि मशीनचं झाकण उघडून ज्या सराईताने हात घातला त्यावरून ते खोटं नसावं. ‘‘अण्णा, ऑइल म्हणजे ऑइल. डब्यावरच्या नावाचे पैसे कशाला घालतासा? एकदा घालून तर बघा की.’’ कॅनमागे तीस टक्के कमी. पहिले दोन कॅन घेतले. उत्तम चालले. आज वाटतं, ते दोन अस्सल होते. गळाला लावलेलं गांडूळ नेहमी ताजंच असतं.

मग आम्ही एकदम बारा कॅन घेतले, पैसे आगाऊ.

जूनमध्ये पाऊस लागला आणि दुखणी सुरू झाली. आधी पानावर जिथे काहीच नको तिथे करडी झाक यायला लागली. मुंडावळ्यांचे मोती मळके दिसायचे. त्याला फोन केला. रेनकोट घालून आला, कागद बोटांत धरून म्हणाला, ‘‘बेळगावचा पाऊस हो, कागद ओला झालाय.’’ पटलं, कारण आमच्याकडे जूनमध्ये पापडसुद्धा ओला होतो. मग आधीच्या पानाची पुसट सावली पुढच्या पानावर उतरायला लागली. ब्लँकेट गेलं म्हणाला. ब्लँकेट त्याच्याच बॅगेत होतं. मग ड्रमवरची फॉइल. मग इमेजिंग एजंटची बाटली. दर वेळी दोन दिवस बरं चालायचं, कारण दर वेळी तो टाकीही धुऊन द्यायचा. हे आमच्या डोक्यात तेव्हा शिरलं नाही. प्रत्येक दुखण्याचं औषध त्याच्याकडेच होतं आणि एकदाही तो ऑइलबद्दल बोलला नाही. माझी खरी चूक स्वस्त माल घेतला ही नव्हे. माल विकणाऱ्यालाच डॉक्टर नेमला, ही.

जुलैमध्ये खानापूरहून एक फोटोग्राफर अल्बम परत घेऊन आला. पानं एकमेकांना चिकटलेली, नखाने ओढलं की रंग सुटतोय. आमची काकू तिथेच बसली होती. तिने अल्बम नाकाशी धरला आणि विचारलं, ‘‘लग्नाच्या अल्बमला स्टोव्हचा वास कसा रे येतोय?’’

आम्ही दोघं तीन महिने त्या खोलीत बसत होतो, आमची नाकं मेली होती. अस्सल ऑइलला जवळजवळ वासच नसतो.

त्याच आठवड्यात पत्र्यातून पाणी गळून एका न उघडलेल्या कॅनचं लेबल भिजलं, सुटलं. खाली काळ्या मार्करने तारीख होती. भावाच्या अक्षरात. तो प्रत्येक कॅन उघडताना त्यावर तारीख टाकतो. फेब्रुवारीत वापरून भंगारात दिलेला आमचाच कॅन आम्ही पैसे मोजून परत विकत घेतला होता.

इथे आमचंही पाप सांगायला हवं. रिकाम्या कॅनबरोबर मशीनमधून निघालेलं वाया ऑइलही आम्ही त्याच भंगारवाल्याला द्यायचो. ते प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्याकडेच जायला हवं, हे माहीत होतं, आळस केला. बहुधा तेच तेल गाळून, वर रॉकेल की टर्पेंटाइन काहीतरी घालून कॅन भरले जात होते. वापरलेल्या तेलात आधीचा एजंट उरलेला असतो, म्हणून ते वीज वाहायला लागतं, आणि नको तिथे झाक येते. जड तेल उडत नाही, म्हणून रंग कच्चा. सगळी दुखणी एकाच कॅनमधली.

आमचा एक मामेभाऊ कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. त्याने प्रयोगशाळेत दोन्ही तेलं उकळून पाहिली. अस्सल तेल साधारण १८५ ते २१० अंशांच्या अरुंद पट्ट्यात संपलं. आमचं त्याच्या बरंच आधी उकळायला लागलं आणि २४० झाले तरी तळाला शिल्लक. तो वैतागून म्हणाला, हे लवकर पेट घेणारं तेल तुम्ही गरम मशीनमध्ये घालून शेजारी बसत होता? या गोष्टीने मला पैशांपेक्षा जास्त घाम फुटला.

घरी करता येईल अशी तपासणी सोपी आहे. स्वच्छ काचेवर खात्रीच्या तेलाचा एक थेंब आणि नव्या कॅनमधला एक थेंब शेजारी ठेवा, विस्तवापासून लांब. अस्सल थेंब सावकाश उडतो आणि मागे काही ठेवत नाही. भेसळीचा चिकट डाग ठेवतो. वास घ्यायला मात्र बाहेरचा माणूस बोलवा. लेबलावर बॅच नंबर नसेल तर कॅन आत घेऊच नका.

आणि बिल बघा, आम्ही बघितलं नाही. बिलावरचा जीएसटी नंबर २७ने सुरू होत होता, म्हणजे महाराष्ट्राचा, आमचा २९चा. माल कोल्हापूरहून बेळगावला आला तर आयजीएसटी, म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मालाचा कर लागायला हवा. त्याने सीजीएसटी आणि एसजीएसटी असे, एकाच राज्यातल्या विक्रीला लागतात ते दोन तुकडे लावले होते. सीमेवर धंदा करणाऱ्याला हे झोपेत कळायला हवं. भरलेल्या कराचं आम्हाला परत मिळणारं क्रेडिट दिसत नाही म्हणून आमच्या अकाउंटंटने विचारलं तेव्हा नंबर पोर्टलवर टाकला. तो केव्हाच रद्द झालेला.

ऑइल, ब्लँकेट, फॉइल, परत छापून दिलेले अल्बम धरून तीन लाख चाळीस हजार गेले. तीन फोटोग्राफर तुटले ते वेगळं. पोलिसांत अर्ज दिलाय. कलम पूर्वीचं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८. ग्राहक आयोगात धंद्यासाठी घेतलेला माल सहसा चालत नाही, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला कायद्यात सवलत आहे. आमचे वकील तो मार्गही बघताहेत. फोनवर तो शेवटचं बोलला ते असं: ‘‘तुम्ही कागद नीट ठेवला नाहीसा, अण्णा.’’

आता रिकामा कॅन देण्याआधी भाऊ बुडाला ड्रिलने भोक पाडतो. पहिल्या दिवशी भंगारवाल्याने कॅन उलटा करून पाहिला आणि म्हणाला, भोकवाल्याला निम्माच भाव.