जळगावच्या बाजारातली स्टेनलेस विळी: पाते, धार आणि खवणी

रावेर-यावलच्या पट्ट्यात ज्यांच्या घरी कच्च्या केळ्यांचे वेफर्स होतात, त्यांना लोखंडी विळीची अडचण सांगावी लागत नाही. केळ्याच्या चिकातील टॅनिन लोखंडाशी संयोग पावते, पाते काळे पडते आणि तो काळेपणा फोडींवर उतरतो. भरल्या वांग्यांसाठी वांगी चिरतानाही तोच अनुभव येतो. हे टाळण्यासाठी गेल्या दिवाळीत जळगावच्या बाजारातील भांड्यांच्या एका जुन्या दुकानातून सागवानी पाटावर बसवलेली, स्टेनलेस पात्याची विळी घेतली. डागांच्या बाबतीत तिला पूर्ण गुण द्यावे लागतील. कच्ची केळी, कैरी, चिंच, लिंबू यांपैकी कशानेही पात्याचा रंग बदललेला नाही.

मात्र डाग न पडणे हा विळीचा निम्माच गुण आहे. उरलेला निम्मा म्हणजे धार, आणि तिच्याविषयी दुकानात कोणी बोलत नाही. तेथे चुंबकाचा खेळ चालतो. आधी गेलो त्या दुकानात, ज्याचे नाव घेण्याचे कारण नाही, विक्रेत्याने पात्याला चुंबक लावून दाखवले आणि तो चिकटत नाही, "म्हणजे भाऊ, हे अस्सल ३०४," असे सांगून तीच विळी घेण्याचा आग्रह धरला. ३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. डबे, पातेली, ताटे यांसाठी ते उत्तम. परंतु तापवून आणि विझवून ते कठीण करता येत नाही, त्यामुळे त्याची धार लवकर मरते. शिवाय निकेलऐवजी मँगनीज वाढवलेल्या स्वस्त २०० मालिकेच्या स्टीलला देखील चुंबक सहसा चिकटत नाही, म्हणजे त्या चाचणीने अस्सलपणाही ठरत नाही. तापवून कठीण करता येणाऱ्या स्टेनलेस स्टीलला चुंबक चिकटतो, म्हणून पाते चांगले हवे असेल तर त्याला चुंबक चिकटलाच पाहिजे, आणि आम्ही घेतलेल्या विळीला तो घट्ट चिकटतो.

अशा, कठीण करता येणाऱ्या स्टेनलेस पात्यामागे हॅरी ब्रिअर्ली या इंग्रज धातुशास्त्रज्ञाचे काम आहे. १८७१ मध्ये सुऱ्या-कात्र्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या शेफील्ड शहरात, पोलाद वितळवणाऱ्या कामगाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. बाराव्या वर्षी शाळा सुटली. पोलादाच्या कारखान्यात मजुरी आणि मग तेथील प्रयोगशाळेत बाटल्या धुण्याचे काम करत ते रसायन शिकले, आणि पुढे ब्राउन-फर्थ प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. १९१२ मध्ये त्यांच्याकडे बंदुकीच्या नळ्या आतून झिजण्याचा प्रश्न आला. त्यावर उपाय शोधताना ऑगस्ट १९१३ मध्ये त्यांनी सुमारे १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन असलेले पोलाद ओतले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी नमुना आम्लाने कोरावा लागतो, पण हा नमुना आम्लाला जवळजवळ दादच देईना. लिंबाचा रस आणि व्हिनेगर यांनाही तो पुरून उरला. शेफील्डचा माणूस असल्यामुळे त्यांना बंदुकीआधी सुरी सुचली, यात नवल नाही.

अडचण आली ती धारेची. ज्या कारखान्यांकडे त्यांनी हे पोलाद पाठवले त्यांच्याकडून ते घडवता येत नाही, घासता येत नाही, धार धरत नाही, असे उलट उत्तर आले, आणि न कापणाऱ्या सुऱ्यांचे जनक म्हणून त्यांची थट्टा झाली. पाते लालबुंद तापवून एकदम थंड करणे, ज्याला आपल्याकडचा लोहार पाणी देणे म्हणतो, ते साध्या पोलादाला साधारण ७५० ते ८०० अंश सेल्सिअसला देता येते. क्रोमियमच्या या पोलादाला मात्र ९५० ते १०५० अंश लागतात. मोझली यांच्या कारखान्यातील अर्नेस्ट स्टुअर्ट यांनी काही प्रयत्नांनंतर ते साधले. मालकांशी हक्कांवरून बिनसल्याने ब्रिअर्ली यांनी १९१५ मध्ये प्रयोगशाळा सोडली. १९२० मध्ये त्यांना बेसेमर सुवर्णपदक मिळाले, आणि १९४८ मध्ये त्यांचे निधन झाले. भांड्यांचे १८-८ स्टील, म्हणजे वर आलेल्या ३०४ चा प्रकार, हे त्यांच्या जागी आलेल्या हॅटफील्ड यांचे १९२४ चे काम, ब्रिअर्ली यांचे नव्हे. बाजारात दोन्ही एकाच नावाने विकली जातात म्हणून चुंबकाचा घोळ होतो.

आता आमच्या विळीला पाणी नीट दिले आहे का, हा प्रश्न. पाटाजवळ, जेथे चिरण्याचे काम पडत नाही, तेथे बारीक कानस फिरवून पाहिली. ती निसटली, धातू खरवडला गेला नाही. धारेचा अनुभवही त्याला धरूनच आहे. भोपळ्याची जाड साल कापूनही टोमॅटोची पातळ साल न दाबता चिरली जाते. चांगल्या लोखंडी विळीची पहिल्या दिवसाची धार याहून तीक्ष्ण असते, हे मान्य करावे लागेल, पण ती रोज पुसून ठेवावी लागते.

उणिवा दोन आहेत. पात्याच्या टोकाची खवणी निराळ्या, मऊ पत्र्याची आहे. तिच्यावर कानस सहज चालली आणि काळ्या मसाल्यासाठी सुके खोबरे खवताना तिचे दोन दाते वाकले. दुसरे म्हणजे पाते पाटाला जोडणाऱ्या रिव्हेटपाशी मिठाचे पाणी साचून तांबूस ठिपके आले आहेत. क्रोमियममुळे पृष्ठभागावर बसणारा अतिपातळ थर मिठाने जागोजागी फुटतो आणि १३ टक्के क्रोमियमच्या स्टीलमध्ये तो लवकर फुटतो. तेथे फट न ठेवता पाते बसवले असते तर हे टळले असते.

किंमत साडेचारशे रुपये पडली, ती पात्यासाठी योग्य आणि खवणीसाठी जास्त आहे. धार लावायला देताना सायकलच्या चाकावर कोरडा दगड फिरवणाऱ्याला पाणी शिंपडत घासायला सांगावे. पात्याच्या कडेवर निळसर झाक आली तर तेवढ्या भागाचे पाणी उतरले असे समजावे, आणि तो भाग पुन्हा कठीण करण्याची सोय गल्लीतल्या धारवाल्याकडे नसते. ज्यांना खोबरे नेहमी खवायचे असते त्यांना ही मऊ खवणी पुरणार नाही, त्यांनी याच दुकानातील बिनखवणीची विळी घ्यावी. ती साठ रुपयांनी स्वस्त असून पाते तेच आहे.