८५ हजारांची दुबई सहल, जी मी केलीच नाही

गोवंडी-मानखुर्दकडच्या बायकांसाठी मुद्दाम लिहितेय. आखातात घरकामाला जायचं डोक्यात असेल तर हे वाचा, मग पैसे मोजा.

माझी शाळा नववीत सुटली. दहावी पास नसलं की पासपोर्टवर ईसीआर छापून येतं. म्हणजे ठरावीक १८ देशांत नोकरीला जायचं तर आधी सरकारी मंजुरी. आखातातले देश त्यातच येतात. माझ्या भावाच्या पासपोर्टवरही तेच आहे, तो तर सातवीच. २२ व्या वर्षी सेंट्रिंगच्या कामाला कतारला गेला, मंजुरी घेऊन, रीतसर. मी २८ ची, पवईत चार घरी स्वयंपाक करते. वाटलं, माझंही तसंच होईल.

एजंटचं ऑफिस कुर्ल्याला, झेरॉक्सच्या दुकानावरच्या माळ्यावर. तो म्हणाला, "ताई, भावाचं सोडा. ईसीआरवाल्या बाईला तिशीच्या आत मंजुरीच देत नाहीत." हे खरं निघालं. थाप मारली असती तर मी कुणाला तरी विचारलं असतं. खरं बोलला म्हणून पुढचंही सगळं खरं धरलं. पुढचं म्हणजे काय, तर दुबईचा व्हिजिट व्हिसा, तिथून कुवेत, आणि काम लागलं की वर्क व्हिसा "आपोआप".

६० हजार बचत गटातून उचलले, २५ हजारांना कानातलं गहाण टाकलं.

निघायच्या आदल्या दिवशी त्याने बायकोला बसवून माझ्याकडून घोकून घेतलं. कुठे चाललात? फिरायला. कुणाकडे? हॉटेलात. किती दिवस? दहा. मग तिने माझे हात बघितले आणि गुलाबी नेलपॉलिश आणली. भांड्यांच्या पावडरने बोटांची टोकं चिरलेली असतात माझी, ती लावताना झोंबत होती. "हात टेबलावर ठेवू नको," एवढं सांगून तिने बाटली पिशवीत टाकली.

विमानतळावर इमिग्रेशनच्या बाईंनी हॉटेलचं बुकिंग मागितलं. बघितलं, कुणाला तरी फोन लावला. बुकिंग आदल्याच दिवशी रद्द झालेलं. मग त्यांची नजर माझ्या हातांवर गेली. ओरडल्या नाहीत. "कोणत्या घरी कामाला चालली होतीस?" एवढंच विचारलं. रात्री दोन वाजता मी टर्मिनल २ च्या बाहेर बॅगेवर बसून एजंटला फोन लावत होते. बंद.

पोलिसांत गेले तेव्हा कळलं की त्याच्या पावतीवर 'दुबई टूर पॅकेज' लिहिलंय. नोकरीचा शब्द नाही. ते म्हणाले, तुम्ही सहल विकत घेतली, जाता आलं नाही, यात नोकरीची फसवणूक कुठे? पावती वाचून घ्या गं बायांनो. मी फक्त आकडा बघितला होता.

बाकीचं वस्तीतल्या संघटनेच्या ताईंकडून समजलं. १९८३ च्या एमिग्रेशन, म्हणजे परदेशी कामाला जाण्याच्या कायद्याखाली परदेशी भरती करणाऱ्या एजंटला लायसन्स लागतं, ते सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतं. आणि त्याने उमेदवाराकडून घ्यायची जास्तीत जास्त फी ३० हजार अधिक जीएसटी. ईसीआरवाल्या बाईची घरकामाची भरती तर खासगी लायसन्सवाल्यालाही करता येत नाही, ती सरकारी भरती संस्थांकडूनच व्हायला हवी. कुवेतमध्ये २०१५ पासून घरकामगारांचा वेगळा कायदा आहे: दिवसाला १२ तासांच्या वर काम नाही, आठवड्याची सुट्टी, पासपोर्ट मालकाने ठेवून घ्यायचा नाही. पण फिरायला आलेल्या बाईजवळ करारच नसतो, तर ती हे मागणार कशाच्या जोरावर?

राग मला एजंटचा आहेच, पण या तिशीच्या नियमाचाही आहे. म्हणे आमच्या रक्षणासाठी. आमच्या चाळीतली २२ वर्षांची बारावी पास मुलगी दुबईत मॉलमध्ये लागली, तिला हा नियम लागत नाही. माझ्या भावाला लागत नाही. बाई, शाळा सुटलेली आणि वय कमी, हे तिन्ही एकीत जमलं की दार बंद. मग कुर्ल्याचा माळा उघडाच असतो.

मला तिशी लागायला दीड वर्ष आहे. बचत गटाचे हप्ते त्याच्या पुढेही चालतील. तो माळा आता दुसऱ्या पाटीने चालू आहे, जिन्यावर परवा तीन बायका बसलेल्या पाहिल्या, एकीला हटकलं तर म्हणाली, "नाही ताई, मी फिरायला चाललेय."